सेफारियाची परीक्षा, आशेरच्या मुलीच्या नावाने

बायबलचं एखादं ॲप किंवा ऑनलाइन ग्रंथालय पारखायचं असेल तर त्यात मोशे किंवा दावीद शोधून काही कळत नाही, ते कुठेही सापडतात. खरा कस लागतो तो वंशावळीत एका ओळीपुरतं डोकावून जाणाऱ्या माणसांवर. सेफारिया या यहुदी ग्रंथांच्या ऑनलाइन ग्रंथालयासाठी म्हणून सेरह निवडली. आशेरची मुलगी, याकोबाची नात. हिब्रू बायबलमध्ये तिचं नाव फक्त तीनदा येतं: उत्पत्ती 46:17, गणना 26:46 आणि 1 इतिहास 7:30. तिन्ही ठिकाणी ती काही बोलत नाही, काही करत नाही. उत्पत्ती आणि इतिहासात तर चार भावांची नावं झाल्यावर 'आणि त्यांची बहीण सेरह' एवढंच.

पण यहुदी परंपरेने या तीन ओळींवर केवढं रचलंय! योसेफची शवपेटी कुठे आहे हे मोशेला सांगणारी ती, मृत्यू न येता एदेन बागेत गेलेली ती, आणि शेकडो वर्षांनी रब्बीच्या (यहुदी धर्मगुरूच्या) पाठशाळेत डोकावून त्याची चूक दुरुस्त करणारीही तीच. आता प्रश्न असा, की तीन कोरड्या वचनांपासून या सगळ्यापर्यंत हे ग्रंथालय वाचकाला नेतं का, आणि वाटेत कुठे चुकवतं.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सेफारिया हे तनाख (हिब्रू बायबल), तल्मूद (रब्बींच्या चर्चांचा संग्रह), मिद्राश (वचनांवर रचलेल्या कथा आणि अर्थ) आणि भाष्यग्रंथांचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय. 2011 मध्ये जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर यांनी ते सुरू केलं. संस्था नफ्यासाठी चालत नाही, जाहिराती नाहीत, आणि वाचायला खातं उघडावं लागत नाही. इंटरफेस इंग्रजी आणि हिब्रू, या दोनच भाषांत. मराठी बायबल शेजारी उघडं ठेवून काम करायचं असेल तर ग्रंथांची इंग्रजी नावं माहीत हवीत: उत्पत्ती म्हणजे जेनेसिस, गणना म्हणजे नंबर्स, इतिहास म्हणजे क्रॉनिकल्स. तेवढं जमलं की सर्च बॉक्समध्ये ग्रंथ, अध्याय, वचन टाकलं की थेट त्या ओळीवर पोचता.

सुरुवात वचनापासून करा, नावापासून नको. या परीक्षणातली सगळ्यात कामाची सूचना हीच, कारण सेफारियाची सगळी ताकद वचनाला जोडलेल्या दुव्यांत आहे. उत्पत्ती 46:17 उघडा आणि त्या ओळीवर क्लिक करा. बाजूला पट्टी उघडते, त्यात भाष्य, तार्गुम (अरामी भाषांतर), मिद्राश, तल्मूद असे गट आणि प्रत्येकापुढे दुव्यांची संख्या. राशी, रामबान वगैरे मध्ययुगीन भाष्यकारांनी त्या ओळीवर लिहिलं असेल तर ते इथे एकेका क्लिकवर.

पण तिथेच थांबू नका, एक ओळ खाली जा. 46:18 म्हणतं, जिल्पेपासून (ही गाद आणि आशेरची आई) झालेले 16 जीव. बोटांवर मोजा. गाद आणि त्याचे 7 मुलगे, हे 8. आशेर, त्याचे 4 मुलगे, सेरह आणि बरीयाचे 2 मुलगे, हेही 8. सेरहला वगळलं तर 15 च राहतात. म्हणजे 'त्यांची बहीण' हे शेपूट नाही. इजिप्तला गेलेल्या सत्तर जणांत ती रीतसर धरलेली आहे. हे कळायला दुवा लागत नाही, वाचणाऱ्यानेच मोजायचं. सेफारियाच्या वापरकर्त्यांची मोठी खोड इथे दिसते: पट्टी उघडली की मूळ पान वाचणं बंद होतं.

मोजणी इथे सुटत नाही, उलट इथूनच गंमत सुरू होते. 46:15 मध्ये याकोबाची बायको लेआ हिचे 33 म्हटलंय, पण कनानातच मेलेले तिचे नातू एर आणि ओनान सोडले तर दीना धरून नावं भरतात 32. मग 33 (लेआ), 16 (जिल्पा), 14 (राहेल) आणि 7 (बिल्हा) मिळून 70 होतात ते नेमके कुणाच्या जोरावर? राशीचं उत्तर 46:15 वर आहे: लेवीची मुलगी योखेबेद, जी इजिप्तच्या वेशीवर जन्मली. बरेशीत रब्बा (उत्पत्तीवरचा मिद्राश) 94:9 मध्ये आणखी मतं दिली आहेत आणि त्यातलं एक म्हणतं की संख्या सेरहने पुरी केली. आता सेरह 16 मध्ये आधीच मोजून झालेली असताना तिनेच आकडा कसा पुरा केला, हा प्रश्न पडला तर तुम्ही मिद्राश नीट वाचताय. तिथे आधार दिलाय 2 शमुवेल 20 मधल्या शहाण्या बाईचा. आबेल शहराच्या तटावरून दावीदचा सेनापती योवाब याच्याशी बोलणारी ती बिननावाची बाई म्हणजे सेरहच, असं मिद्राश म्हणतो. 20:19 मधल्या तिच्या शब्दांत 'पूर्ण करणं' या अर्थाचा धातू ऐकू येतो: इस्राएलाची संख्या मी पुरी केली, आणि विश्वासू योसेफाला विश्वासू मोशेच्या हाती मी सोपवलं. सगळा डोलारा एका शब्दाच्या ध्वनीवर. इंग्रजी भाषांतरात तो ऐकू येत नाही, म्हणून अशा जागी उजवीकडचं हिब्रू चालू ठेवा. पान दोन्ही भाषांत समोरासमोर दाखवायची सोय आहे, ती कायम सुरू ठेवली तरी चालेल.

मिद्राश रब्बाचं (बरेशीत रब्बा हा त्याचाच भाग) पूर्ण इंग्रजी भाषांतर सेफारियाने 2022 मध्ये स्वतः आणलं. छोट्या पात्रांवर काम करणाऱ्यांसाठी हे फार मोठं काम आहे, कारण असल्या पात्रांचा जीव मिद्राशातच असतो.

आता गणना 26. हा दुसरा जनगणनेचा अध्याय, घराण्यांमागून घराणी, मजकूर रुक्ष. 26:46 वर अचानक: आशेरच्या मुलीचं नाव सेरह. पुढच्या वचनात आशेरचे मोजलेले पुरुष 53,400. मुलीचं नाव इथे कशाला? दोन भाष्यं शेजारी शेजारी उघडून बघा. राशी एका वाक्यात संपवतो: ती अजून जिवंत होती म्हणून मोजली. रब्बींच्या हिशोबात इजिप्तातला मुक्काम 210 वर्षांचा, वर वाळवंटातली 40, म्हणजे बाई अडीचशेच्या पुढे. रामबानची वाट वेगळी, वारसाहक्काची. ओंकेलोसच्या अरामी भाषांतराचा तो पाठ देतो तो असा, की ती आशेरच्या बायकोची मुलगी. पहिल्या नवऱ्यापासूनची. त्याला मुलगा नव्हता, म्हणून वतन तिच्याकडे आलं आणि म्हणूनच, भाऊ नसल्याने वतन मिळालेल्या सलाफहादाच्या मुलींसारखं, तिचं नाव या यादीत. उत्पत्तीत तिला भावांची बहीण म्हटलंय, आशेरची मुलगी नाही, तेही त्याच्या मते यामुळेच.

इथे एक खड्डा आहे. रामबान वाचून कुणी लगेच ओंकेलोसवर क्लिक करेल आणि 'बायको' हा शब्द तिथे शोधत बसेल. तो शब्द ओंकेलोसच्या काही प्रतींत आहे, सगळ्यांत नाही. भाष्यकाराच्या हातातली प्रत आणि पडद्यावरची प्रत एकच असेल असं धरून चालू नका. कोणती आवृत्ती समोर आहे हे ग्रंथाच्या माहितीत दिलेलं असतं, पण ते बघायला स्वतःहून जावं लागतं. पट्टीतून आलेला उतारा आवृत्तीचं नाव कपाळावर लावून येत नाही.

तार्गुमच्या नावांचंही असंच. तोराहवरचा (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांवरचा) जो ग्रंथ सेफारियावर 'तार्गुम जोनाथन' म्हणून दिसतो, त्याला अभ्यासक स्यूडो-जोनाथन म्हणतात, कारण तो जोनाथन बेन उझ्झिएलचा नाही. उत्पत्ती 46:17 वर हाच तार्गुम म्हणतो, की योसेफ जिवंत असल्याची बातमी याकोबाला दिली म्हणून सेरह जिवंतपणी एदेन बागेत गेली. उतारा देताना नाव अभ्यासकांचं द्या, नाहीतर जाणकार पहिल्याच ओळीला थांबवेल.

इथपर्यंत सेफारिया पैकीच्या पैकी मिळवतं. आता नाव शोधायला गेलात की काय होतं ते.

बायबलमध्ये सेरहचं नाव सीन, रेश, हेत या अक्षरांनी लिहिलंय. तल्मूद आणि मिद्राशात तेच नाव बहुतेक वेळा समेख, रेश, हेत असं येतं, कारण सीन आणि समेख यांचा उच्चार सारखाच झाला होता. सर्च बॉक्सला हे माहीत नाही. बायबलातलं रूप टाकलंत तर रब्बींच्या बहुतेक कथा निसटतात. समेखचं रूप टाकलंत तर वेगळाच पूर येतो, कारण त्याच तीन अक्षरांचा एक धातू आहे: लोंबणं, नासणं, पाप करणं. निर्गम 26:12 मधला निवासमंडपाच्या पडद्याचा उरलेला लोंबता भाग, तल्मूदच्या हगीगा 12अ मधला पाप केल्यावर ठेंगणा झालेला आदाम, सगळे हात धरून सेरहच्या यादीत येतात. त्यात तीनपैकी दोन वचनांत तिच्या नावाला 'आणि' जोडलेला आहे, म्हणजे अक्षरांचं रूप 'वसेरह'. शोध फक्त तंतोतंत जुळणाऱ्या शब्दांवर लावला असेल तर ही दोन्ही वचनं हुकू शकतात. गणनेतलं एकच हाती लागेल आणि वाटेल, झालं, एवढंच.

हुशार माणूस म्हणेल, मग 'बत आशेर', आशेरची मुलगी, असं शोधू, स्पेलिंगची भानगडच नको. कल्पना बरी आहे, पण हिब्रूत स्वरचिन्हं काढली की 'आशेर' हे नाव आणि 'जो, जी, जे' हा संबंधी शब्द अक्षरशः सारखेच दिसतात. 'ती मुलगी, जी...' असली वाक्यं मग ढिगाने येतात.

उपाय हा: समेखचं नाव आणि 'बत आशेर' मिळून तीन शब्द एकत्र टाका, तंतोतंत जुळणीचा पर्याय लावा, आणि बाजूच्या गाळणीत आधी तल्मूद, मग मिद्राश असं एकेक निवडा. निकाल कालक्रमाने लावायचा पर्यायही आहे, तो जरूर वापरा. नंतर हीच फेरी सीनच्या रूपाने करा, कारण काही छापील प्रतींनी बायबलातलं स्पेलिंग परत आणलेलं असतं. इंग्रजीतून शोधणाऱ्यांची सुटका नाही. एकाच ग्रंथालयात वेगवेगळे भाषांतरकार हे नाव शेवटी नुसता एच लावून, सीएच लावून किंवा एचखाली टिंब देऊन लिहितात. प्रत्येक रूप वेगळं टाकून बघावं लागतं. वैताग आहे, पण पर्याय नाही.

जुन्या पद्धतीचा माणूस इथे म्हणेल, छापील कॉन्कॉर्डन्स (बायबलमधल्या शब्दांची सूची) बरा. तिथेही सापळा आहेच. जेम्स स्ट्राँगचा 1890 चा कॉन्कॉर्डन्स किंग जेम्स भाषांतरावर बेतलेला, आणि किंग जेम्समध्ये उत्पत्तीत ही 'सेरा' असली तरी गणना 26:46 मध्ये तिचं स्पेलिंग थेट अब्राहामाच्या बायकोचं, सारा, केलेलं आहे. नावावरून शोधणारा तिथेच घसरतो. स्ट्राँगचे आकडे मात्र वाचवतात: आशेरची सेरह 8294, अब्राहामाची सारा 8283. हिब्रू अक्षरं न येणाऱ्याने आधी या आकड्यांवरून तीन वचनं पक्की करावी, मग सेफारियावर यावं. शोध तिथला आणि दुवे इथले, अशी जोडी लावली तर अर्धा तास वाचतो.

आता दुव्यांची मर्यादा. मिद्राशाने जे वचन उद्धृत केलंय त्याला दुवा जोडला जातो, ज्या माणसाबद्दल तो बोलतोय त्याच्या वचनाला नव्हे. सेरहची सगळ्यात गाजलेली गोष्ट तल्मूदच्या सोताह 13अ वर आहे, आणि ती लटकलेली आहे निर्गम 13:19 ला, म्हणजे मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या त्या वचनाला. फक्त उत्पत्ती 46 उघडून बसणाऱ्याने तिथे पोचण्याची आशा धरू नये. म्हणून तीन वचनांच्या जोडीला आणखी दोन जागा स्वतः उघडाव्या: निर्गम 13:19 आणि 2 शमुवेल 20:19. या पाच ठिकाणच्या पट्ट्या तपासल्या की सेरहबद्दलचं बरंचसं जुनं साहित्य हाती येतं. शेमोत रब्बा (निर्गमावरचा मिद्राश) 5:13 मात्र मुद्दाम उघडा. सुटकेची खूण वडिलांकडून सेरहला कळली होती आणि मोशे खरा की खोटा हे वडीलधाऱ्यांनी तिलाच विचारलं, ती कथा तिथली.

सोताहचं पान अगदी जवळून बघण्यासारखं आहे. मोशेला योसेफाची कबर कशी कळली? त्या पिढीतली सेरह उरली होती, तो तिच्याकडे गेला. ती सांगते, इजिप्तच्या लोकांनी धातूची पेटी करून नाईलमध्ये सोडली, पाण्याला बरकत यावी म्हणून. मोशे काठावर उभा राहून योसेफाला हाक मारतो, शपथेची वेळ भरली म्हणतो, आणि पेटी वर तरंगते. इंग्रजी रब्बी स्टाइनसाल्ट्झ यांचं आहे आणि त्यात ठळक अक्षरांतला मजकूर म्हणजे गेमाराचं (तल्मूदच्या मूळ मजकुराचं) शब्दशः भाषांतर, तर साध्या अक्षरांतला म्हणजे भाषांतरकाराने अर्थ लागावा म्हणून घातलेली भर. कॉपी करून दुसरीकडे चिकटवताना ठळकपणा उडतो आणि भाषांतरकाराची भर 'तल्मूद म्हणतो' म्हणून फिरू लागते. हा घोटाळा इतका सर्रास दिसतो की उतारा उचलण्याआधी ठळक शब्द तेवढे वेगळे करून ठेवण्याची सवय लावलेली बरी.

संदर्भ देताना आणखी एक. तल्मूदच्या पानाला दोन बाजू असतात, अ आणि ब, आणि 13अ एवढा पत्ता कुणालाही पुरतो. सेफारिया पुढे परिच्छेदाचा आकडाही लावतं. दुवा पाठवायला तो उत्तम, पण छापील गेमारात तो नाही, म्हणून लेखात देऊ नका.

सगळ्यात मोठी तक्रार काळाबद्दल आहे. पट्टी प्रकाराने लावलेली असते, वयाने नाही. मेखिल्ता, जी ही शवपेटीची गोष्ट तल्मूदच्याही आधी सांगते, आणि सेफेर हयाशार, जो 1625 मध्ये व्हेनिसला छापला गेला, हे दोन्ही 'मिद्राश' या एकाच मोठ्या खणात येऊ शकतात. सेरह सतारीसारखं वाद्य वाजवत म्हाताऱ्या याकोबाला गाण्यातून सांगते की योसेफ जिवंत आहे, हे लोकांना फार आवडणारं चित्र सेफेर हयाशारमधलं. आई आशेरच्या घरी आली तेव्हा सेरह तीन वर्षांची होती, हेही तिथलंच. दोन्ही 'प्राचीन रब्बी म्हणतात' म्हणून सांगितली जातात. रचनाकाळ ग्रंथाच्या माहितीपानावर आहे, पण त्यासाठी पट्टीतून बाहेर पडून मूळ ग्रंथ उघडावा लागतो. यादीत नावापुढे शतक छापलं असतं तर निम्मे गोंधळ मिटले असते.

वापरकर्त्यांनी बनवलेल्या सोर्स शीट्स, म्हणजे उताऱ्यांची जमवलेली पानं, यांचं तंत्र सोपं: कुणीही करू शकतो, म्हणून दर्जा सांगता येत नाही. सेरहवर शीट सापडली तर तिच्यातले पत्ते घ्या आणि निष्कर्ष तिथेच सोडा. त्या पत्त्यांत पेसिक्ता द-रव कहाना या मिद्राशातलं 11:13 आहे का ते बघा, करणाऱ्याने किती खोल खणलंय ते त्यावरून कळतं. रब्बी योहानान शिकवत असतात की लाल समुद्राचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं ते जाळीसारखं. सेरह वरून डोकावते आणि म्हणते, मी तिथे होते, ते उजेडाच्या खिडक्यांसारखं होतं.

शब्दकोश चांगला आहे. हिब्रू शब्द निवडला की बाजूला अर्थ येतात, बायबलच्या शब्दांना एक कोश आणि रब्बींच्या अरामी-हिब्रूला जास्त्रो या कोशकाराचा दुसरा. फक्त नावावर क्लिक केल्यावर 'नासणं' असा अर्थ आला म्हणून नावाची व्युत्पत्ती सापडली असं समजू नका. कोश समोरची अक्षरं बघतो, माणूस नाही.

आणि जे ग्रंथालयाच्या बाहेरचं आहे ते इथे शोधू नये. इराणात इस्फहानजवळच्या पीर बकरान इथे सेरहची कबर दाखवतात आणि तिथली यहुदी परंपरा तिला मानते. मृत्यू न येता स्वर्गात गेलेल्या बाईची कबर, हा पेच तिथल्या स्थानिक आख्यायिकांचा आहे. त्यासाठी प्रवासवर्णनं आणि इराणी यहुद्यांच्या इतिहासाची पुस्तकं उघडावी लागतील. बाजूच्या पट्टीत ते मिळणार नाही.